अकरा डबे हिम

भाऊकाकांच्या व्याख्यानाला तीनशे माणसं आली होती, असं आमच्या घराण्यात आजही सांगितलं जातं. लग्नकार्यात पंगत उठली, पानसुपारी झाली, की कुणीतरी हा विषय काढतंच. गेल्या वर्षी एका साखरपुड्यात माझ्या पुतण्याने हा आकडा पाचशेवर नेला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे दिगूकाका स्वतः हजर होते, विचारा त्यांना." मी मान हलवली. या बाबतीत मी आयुष्यभर मान हलवत आलो आहे. आता मानेचं दुखणं सुरू झालं आहे, डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आहे, आणि पट्टा घातला की मान हलवता येत नाही. तेव्हा म्हटलं, खरं काय झालं ते लिहूनच टाकावं.

मी फुलंब्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातून कॉलेजसाठी शहरात आलो आणि औरंगपुऱ्यातल्या भाऊकाकांच्या दोन खोल्यांत राहायला लागलो. घरात आम्ही तिघंच. भाऊकाका, काकू आणि मी. भाऊकाका एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. टपाल आलं की त्यावर 'आवक'चा शिक्का मारायचा, गेलं की 'जावक'चा. वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना जगात तिसरी गोष्ट दिसायचीच नाही. पाहुणा दारात आला की आतल्या खोलीतून त्यांचा आवाज यायचा, "आवक." पाहुणा उठला की ते काही बोलत नसत, पण त्यांच्या चेहऱ्यावर दुसरा शिक्का दिसायचा. कचेरीने टाकून दिलेला एक झिजलेला शिक्का त्यांनी घरी आणला होता. त्यातलं 'आ' उमटायचं नाही, त्यामुळे सगळीकडे 'वक' असंच पडायचं.

या माणसाला वंशावळींचा नाद होता. आमच्या घराण्याची वंशावळ तयार करण्यासाठी त्यांनी रजा काढून काढून पैठणला आणि त्र्यंबकला चकरा मारल्या, तिथल्या उपाध्यायांच्या चोपड्या उलटसुलट केल्या आणि अकरा पिढ्या मागे नेल्या. बाराव्या पिढीला गाडी अडकली. चोपडीचं ते पान उंदराने खाल्लं होतं. भाऊकाका आठवडाभर उदास होते. मग एक दिवस कॉलेजच्या ग्रंथालयातून माझ्या नावावर काढलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी सहज उघडलं, आणि त्यांना असा शोध लागला की शब्दांनाही वंशावळ असते आणि ती अकरा पिढ्यांत संपत नाही, चांगली पाच-सहा हजार वर्षं मागे जाते. जे पान उघडलं त्यावर हिम होतं. बाहेर एप्रिल महिना होता, पत्र्यावर कावळा बसत नव्हता इतकं ऊन. भाऊकाकांनी पुढचं पान उलटलंच नाही.

त्यांची पद्धत अशी होती. कचेरीत आलेल्या पाकिटांची कोरी बाजू कात्रीने कापायची, एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा, खाली त्याचं घराणं लिहायचं आणि शिक्का मारायचा. या चिठ्ठ्या ठेवायला वनस्पती तुपाचे पत्र्याचे मोठे डबे होते. काकूने पै-पाहुण्यांच्या, शेजारणींच्या मागे लागून जमवलेले. एका डब्यात सगळं 'हिम'चं घराणं, एकात दव आणि दहिवर, एकात गारा, एकात नुसत्या शंका. पहिल्याच उन्हाळ्यात चार डबे भरले. दीड वर्षात अकरा झाले. फडताळाचे वरचे दोन्ही खण गेले, मग खालचा गेला, मग काकूचं पीठ पातेल्यात आलं.

आणि जेवताना आम्हाला त्या घराण्याची ख्यालीखुशाली कळायची. सगळ्यांचा मूळपुरुष 'घेइम' असा काहीतरी. त्याच्यापुढे पुस्तकात एक चांदणी काढलेली असायची, कारण त्याला प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही, पंडितांनी नातवंडांच्या तोंडावळ्यावरून तो ठरवला आहे. काकूने भाकरी थापता थापता विचारलं, "कुणी बघितलाच नाही, तर होता कशावरून?" भाऊकाका म्हणाले, "आपल्या बाराव्या पिढीला कुणी बघितलंय? आपण आहोत ना जेवायला?" या घेइमची पोरं जगभर पांगली. एक ग्रीकांकडे गेला, त्याचा खेइमा झाला. एक रोमन लोकांत हिएम्स म्हणून राहिला, त्याच्या भावकीतली नातवंडं आता फ्रान्सात असतात. रशियात झिमा, लिथुआनियात झिएमा, इराणात जमिस्तान, म्हणजे हिवाळा. आपल्याकडे हिम. "आपल्या ह च्या जागी इराणी माणूस ज म्हणतो," असं सांगून ते काकूकडे वळायचे, "आपलं हिरण्य, म्हणजे सोनं, आणि तुझ्या शालूची जर, हे सख्खे चुलत भाऊ." काकू म्हणायची, शालू लग्नातला आहे, जर काळी पडली आहे, चुलत भावाला सांगा काही करता आलं तर.

हे सगळं चाललं होतं तेव्हा पाऊस दोन वर्षं रुसलेला होता. आज माणसं बटण दाबून पाणी तापवतात, त्यांना सांगून पटायचं नाही, पण आम्ही तिघं एकेका तांब्यात अंघोळ करायचो आणि ते पाणी परातीत धरून त्यात फरशी पुसायचो. ताटं राखेने कोरडी घासायची. काकू धपाटे करायची, कारण धपाटं हातावर घेऊन खाता येतं, ताट लागत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, तुळस नको म्हणाली तर मला. रेशनवर मिळणारी लाल ज्वारी थापताना भाकरी काठाला फाटायची, आणि काकू तिला नावं ठेवत ठेवत सांधायची. पहाटे नळ आला तर करंगळीएवढी धार यायची, नाहीतर टँकर. शहर तर वाढतच चाललं होतं. जालना रोडच्या बाजूने रोज नव्या वसाहती उठत होत्या, करमाडपासूनचे लोक कामाला येत होते, आणि घरं आधी उभी राहायची, पाण्याचं नंतर बघू असा सगळा कारभार. टँकरचा भोंगा ऐकला की सगळ्या गल्लीत भांड्यांचा असा कल्लोळ उठायचा की देवळातली आरती थांबायची.

त्या दिवसांतली एक रीत इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. टँकर कधी येईल याचा भरवसा नसे, म्हणून बायका माणसाऐवजी भांडं रांगेत ठेवायच्या. हंडा ठेवला की नंबर लागला. मग खुशाल घरी जाऊन काम करा. त्या भांड्याला माणसाइतका मान होता. आणि कुठेही, कुणाच्याही दारात, एक रिकामा हंडा दिसला की जाणारी-येणारी बाई चौकशी करत नसे. आधी आपलं भांडं त्याच्यामागे ठेवायचं, मग विचारायचं इथं काय येणार आहे. विचारत बसलात तर पुढे दहा हंडे लागले.

अशा दिवसांत पाणी राहील असे अकरा डबे घरात, आणि त्यांत कागद. काकूने चार महिने काढले. मग एका दुपारी तिने लाटणं खाली ठेवलं. "अहो, हिम डब्यात आणि पाणी कशात? माझ्याकडे एक हंडा, एक कळशी, दोन बादल्या. टँकर आला तरी घेऊ कशात? पदरात?"

भाऊकाका म्हणाले, हे लोकांसाठी चाललेलं काम आहे.

"कोणत्या लोकांसाठी?" काकूने विचारलं. "एक माणूस दाखवा."

यावर दोघांत जो करार झाला त्याला मी साक्षीदार होतो. भाऊकाकांनी जवळच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये व्याख्यान द्यायचं. मोजून पंचवीस माणसं आली तर डब्यांबद्दल पुन्हा शब्द काढायचा नाही. चोविसावर थांबलं तर चिठ्ठ्या रद्दीत आणि डबे मोरीपाशी. भाऊकाका खुशीत होते. मी मात्र वाचनालयात रोज जाणारा होतो. तिथल्या व्याख्यानांना ग्रंथपाल, शिपाई आणि कानाने कमी ऐकणारे एक निवृत्त मास्तर एवढे लोक असत, आणि शिपायाचा नाइलाज होता.

हॉलच्या बाहेरच्या फळ्यावर मीच खडूने लिहिलं, 'हिमाचे गोत्र'. भाऊकाकांची इच्छा होती की टेबलावर प्रत्यक्ष बर्फाची लादी असावी, कारण श्रोत्यांना विषय दिसला पाहिजे. त्या उन्हाळ्यात बर्फ मिळणं म्हणजे काय, हे भाऊकाकांना माहीत नव्हतं. कारखान्याला पाणी नव्हतं, लग्नांचाही बर्फ बंद झाला होता. मी स्टेशनकडे हातगाडी लावणाऱ्या हमीदचाचांना गाठलं. ते म्हणाले, "कायकू होना मियाँ? शादी है?" मी म्हणालो, व्याख्यान आहे, बर्फ या विषयावर. त्यांनी हातातलं फडकं गाडीवर टाकलं. मग म्हणाले, हिंदी, उर्दू, मराठी सगळ्या भाषांत त्यांनी बर्फ विकला, पण त्याच्यावर भाषण देणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, तर अर्धी लादी ते स्वतः घेऊन येतील आणि बसतील. "बिल्कुल यख माल लाऊंगा," ते म्हणाले. मी घरी येऊन हा शब्द सांगितला मात्र, भाऊकाका जेवणावरून उठले. यख हे फारसी, बर्फ असा अर्थ, आणि इंग्रजांचा आइस त्याच्या नात्यातला आहे असं काही पंडित मानतात. "म्हणजे हमीदचाचा आणि इंग्लंडची राणी एका घरचा शब्द वापरतात!" असं म्हणून त्यांनी उष्ट्या हाताने चिठ्ठी लिहिली. त्या चिठ्ठीवर आमटीचा डाग अजून आहे.

व्याख्यानाचा दिवस उजाडला. मे महिना, वेळ संध्याकाळी पाचची. लादी वितळून खाली सांडू नये म्हणून मी काकूची मोठी परात आणि पितळी हंडा घेऊन चार वाजताच गेलो. परात पुरेल असं दिसलं, हंडा जास्तीचा झाला, तो मी आत पडवीत दारामागे ठेवला. हे नीट लक्षात असू द्या. दारामागे, आतल्या बाजूला. पावणेपाचला हमीदचाचा भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन आले. भाऊकाकांनी लग्नातला कोट घातला होता आणि कोटाच्या प्रत्येक खिशात एकेका भाषेच्या चिठ्ठ्या होत्या. काकूही आली होती, पडवीतून डोकावून तिने हॉल पाहिला. ग्रंथपाल, शिपाई, मास्तर, हमीदचाचा. भाऊकाका खुर्च्यांच्या रांगा सरळ करत फिरत होते. पन्नास खुर्च्या होत्या, सगळ्या त्यांनी दोनदा सरळ केल्या. काकूने पदर खोचला. बाहेर गेली. मला वाटलं, डबे रिकामे करायला गेली.

पाचला पाच मिनिटं असताना मला बाहेर आवाज ऐकू आला. तो आवाज त्या काळात माणूस झोपेतही ओळखायचा. भांड्याला भांडं लागल्याचा. मी बाहेर आलो. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, आमचा हंडा उभा होता. त्यात एक खडा टाकलेला. त्याच्यामागे एक कळशी, तिच्यामागे एक डालड्याचा डबा, मग बादली, मग घागर, अशी रांग कोपऱ्यावरून वळून पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती, आणि बायाबापड्या अजून येतच होत्या. मला वाटलं, झाडताना शिपायाने हंडा बाहेर काढून ठेवला असणार. आमच्या हंड्यामागच्या कळशीची बाई पुढे आली. तिचं नाव गयाबाई. फुलंब्रीकडची, पाऊस नाही म्हणून नवऱ्याबरोबर नव्या वसाहतींत विटा वाहायला आलेली. कडेवर पोरगी आणि दोरीला एक लहान शेळी.

"दादा, इथं काय येनार हाय?" तिने विचारलं.

इथं मला खरं बोलता आलं असतं. बाई, इथं काही येणार नाही, तो हंडा आमचा आहे, चुकून राहिला आहे. एवढं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत रस्ता मोकळा झाला असता. पण मला त्या सरळ केलेल्या पन्नास खुर्च्या दिसल्या, आणि मी म्हणालो, "बर्फ." आणि लगेच म्हणालो, "पण व्याख्यान झाल्यावर. आत बसावं लागेल."

बर्फ हा शब्द रांगेत मागे मागे जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. गिरणीपर्यंत पोचायला त्याला दहा सेकंद लागली असतील. भाऊकाकांचा घेइम पाच हजार वर्षांत इतक्या वेगाने कधी गेला नसेल.

हॉल भरला. खुर्च्या भरल्या, मग जमीन भरली, मग खिडक्या. भाऊकाकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे लोक भांडी घेऊन का आले आहेत. मी म्हणालो, इथून ते थेट टँकरवर जाणार आहेत, वेळात वेळ काढून आले आहेत. त्यांचे डोळे भरून आले. "दिगू," ते म्हणाले, "लोकांना भूक आहे रे." मी म्हणालो, आहे.

मग ते बोलायला उभे राहिले, आणि मी आयुष्यात इतकी एकाग्र सभा पुन्हा पाहिलेली नाही. शंभरावर माणसं एकाही पापणीची हालचाल न करता टेबलाकडे बघत होती. फरक एवढाच की भाऊकाका टेबलाच्या उजव्या बाजूला होते आणि लादी मध्यभागी. भाऊकाका ग्रीसला गेले, तोपर्यंत लादीचे कोपरे गेले. रोमला पोचले तेव्हा कडेने पाण्याची धार लागली. ते जसजसे एकेका भावाची हकीकत सांगत होते, तसतशी सभा सुस्कारे टाकत होती, आणि प्रत्येक सुस्काऱ्याला ते आणखी सविस्तर होत होते. रशियातून लिथुआनियात जाण्याआधी त्यांनी पाणी प्यायला थोडा वेळ घेतला, तेव्हा मागून एक म्हातारा कळवळून म्हणाला, "साहेब, बिगीबिगी घ्या." भाऊकाका हसले. म्हणाले, उत्सुकता समजू शकतो. हमीदचाचांना राहवेना. ते मधूनच उठून लादीवर गोणपाट टाकायचे, आणि भाऊकाका विषय दिसला पाहिजे म्हणून ते काढायचे. असं चार वेळा झालं.

गयाबाई पहिल्याच रांगेत होती. अखेर तिने हात वर केला. "सर, बर्फ कवा?"

"बर्फाकडे येतोच," भाऊकाका म्हणाले. "तो फारसी घरचा, आपल्याकडे घरजावई होऊन राहिला. आधी हिमाचं कुळ पुरं करू." असं म्हणून ते ग्रीकांच्या शेळीकडे वळले. ग्रीक लोक एक हिवाळा पाहिलेल्या शेळीला हिवाळ्यावरूनच नाव द्यायचे, आणि आपले जुने लोकही माणसाचं वय हिवाळ्यांनी मोजायचे, म्हणजे शंभर वर्षं जग असं म्हणायचं तर शंभर हिमं जग. एवढं झाल्यावर गयाबाई आपल्या शेळीकडे बघून म्हणाली, "आमी दुस्काळ मोजतो, सर. ही शेळी एका दुस्काळाची. पोरगी बी एकाचीच. मी तीन दुस्काळाची हाय."

भाऊकाका थांबले. कोटाच्या डाव्या खिशातून त्यांनी एक कोरी चिठ्ठी काढली, चष्मा वर केला आणि सगळ्यांसमोर लिहिलं. "नाव काय आपलं?" त्यांनी विचारलं. तेही लिहिलं. त्या दिवशी सभेकडून त्यांना मिळालेला खरा शब्द तेवढाच, आणि तो मी आणलेला नव्हता.

मग मास्तरांनी विचारलं की आपल्या गावचं हिमरू, ते शालींचं रेशमी कापड, हे हिमावरून आलं का. भाऊकाका करड्या आवाजात म्हणाले, काहीही संबंध नाही, नाव सारखं दिसलं म्हणून सोयरीक होत नाही. मास्तरांना ऐकू गेलं नाही, त्यांनी तीच शंका तीनदा विचारली. एव्हाना लादी विटेएवढी उरली होती. मागे कुजबुज वाढायला लागली. एक बाई मोठ्याने म्हणाली की आपल्याला फसवून बसवलंय. मी दाराकडे सरकत होतो, खोटं कशाला बोलू, पळायलाच.

तेवढ्यात काकू उठली. ती केव्हा आत येऊन बसली होती मला कळलंही नव्हतं. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि देवळात सांगतात त्या आवाजात सांगितलं, "प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. बायकांनी डाव्या अंगाला, पुरुषांनी उजव्या. हात पुढे करायचा, उजवा."

आमच्या लोकांचं एक बरं आहे. बर्फ कमी मिळाला तर भांडण होतं, प्रसाद कमी मिळाला तर होत नाही. प्रसाद कितीही लहान असला तरी पुरेसाच असतो. हमीदचाचांनी गोणपाटात ती वीट ठेचली, मी हरभऱ्याच्या डाळीएवढा एकेक खडा एकेका तळहातावर ठेवत गेलो, आणि काकूने परातीतलं पाणी पळीने तीर्थ म्हणून दिलं. शंभरावर लोक, हंडे-कळश्या घेऊन आलेले, बर्फाचा कण कपाळाला लावून तोंडात टाकत होते. एका म्हाताऱ्याने आपला कण जपून रिकाम्या घागरीत टाकला आणि घागर डोक्यावर घेऊन गेला. गयाबाईने तिचा पोरीच्या जिभेवर ठेवला. पोरगी दचकली, मग हसली, मग आणखी मागायला लागली. भाऊकाका कडेला उभे राहून हे सगळं बघत होते आणि मला म्हणाले, प्रसादाची कल्पना जरा जुनाट वाटते, पण विषयाला धरून आहे.

माझ्या त्या खोट्याचे परिणाम मला भोगावे लागले नाहीत, इतरांना लागले. करार काकू हरली होती. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही उन्हाळ्यात ती एक हंडा, एक कळशी आणि दोन बादल्यांवर घर चालवत राहिली, आणि मी तिला पाणी भरताना बघितलं की पुस्तकात डोकं घालायचो. डबे अकराचे एकतीस झाले. भाऊकाका दरवर्षी त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये व्याख्यान द्यायचे. दुसऱ्या वर्षी पाच माणसं आली. त्यांनी ठरवलं की वेळ चुकली. मग वार चुकला, मग फळ्यावरचं अक्षर. गर्दी पुन्हा आली नाही, पण ती एकदा आली होती, एवढ्यावर तो माणूस सत्तावीस वर्षं जगला. शेवटी हिवतापाने अंथरुणाला खिळले तेव्हाही कुडकुडत मला सांगत होते की बघ, हिव म्हणजे हिमच, बर्फाळ देशातून निघालेला शब्द, आपल्याकडे येऊन तापाला लागला. मग म्हणाले, "तीनशे असतील ना रे तेव्हा?" मी म्हणालो, तीनशेच्या वर. खरं सांगण्याची ती शेवटची संधी होती, आणि मी पन्नासएक माणसं आणखी वाढवून दिली.

काकू त्यांच्यानंतर बरीच वर्षं माझ्याकडे होती. आम्ही तेव्हा नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला होता. चोवीस तास पाण्याची टाकी, फ्रिज, सगळं. भाऊकाकांच्या चिठ्ठ्या मी खोक्यांत भरून ठेवल्या होत्या. डबे अखेर रिकामे झाले, आणि आता त्यांची कुणालाच गरज नव्हती, म्हणून काकूने गॅलरीत त्यांत कोरफड लावली. एका दुपारी ती फ्रिजमधला बर्फाचा ट्रे वाकवत होती, बर्फ सुटत नव्हता, आणि माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. हंडा चुकून बाहेर राहिला, रांग लागली, मी बर्फ मिळेल असं खोटं सांगितलं, त्यापायी तुझे डबे गेले, दोन उन्हाळे तू हाल काढलेस, मला माफ कर. हे मी हात जोडून सांगत होतो. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, मुलीचं लग्न झालेलं.

काकूने ट्रे ओट्यावर आपटला. "हंडा चुकून बाहेर राहिला?" ती म्हणाली. "आणि त्यात खडा कुणी टाकला होता रे?"

मी ट्रे उचलून नळाखाली धरला.

"रिकामा हंडा वाऱ्यानं गडगडत जातो. म्हणून नंबराला ठेवताना त्यात खडा टाकतात. शिपायाला हे माहीत असणारेय का? का तुला होतं?"

मग मी विचारलं, मग डबे? चार महिने तू त्या डब्यांसाठी भांडत होतीस.

"चोवीस माणसं आली असती तर चिठ्ठ्या रद्दीत," काकू म्हणाली. "मग हे कचेरीतून येऊन कुठं बसले असते? माझ्या ओट्यापाशी. भाकरीला आवक, आमटीला जावक. पाण्याचे हाल परवडले." तिने दोन खडे माझ्या पेल्यात टाकले, दोन स्वतःच्या. मग खुर्चीवर बसून म्हणाली, "आणि ते तीनशे-तीनशे काय लावलंय तुम्ही सगळ्यांनी? मी बाहेर उभी राहून हंडे मोजले होते. एकशे सोळा."

मी तेव्हा तिला सांगितलं की हे मी कधीतरी लिहून ठेवीन. ती म्हणाली, लिही, पण नीट लिही. म्हणून नीट लिहितो आहे. पुढच्या लग्नात कुणी विषय काढला तर हे पान दाखवावं. भाऊकाकांच्या व्याख्यानाला तीनशे माणसं नव्हती, पाचशे तर मुळीच नव्हती. एकशे सोळाही नव्हती, कारण काकूने नंतर पेला खाली ठेवला, बोटांवर पुन्हा हिशेब केला आणि म्हणाली, "त्यांतला पहिला आपलाच. तो धरू नकोस. एकशे पंधरा."